118 पत्रं आणि एक स्कॅनर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत तात्यांची, म्हणजे माझ्या आजोबांची पत्रं आहेत. तात्या सैन्यात सिग्नलमध्ये होते. 1965 साली लग्न झालं, आणि पुढच्या सहा वर्षांत दोघं किती महिने एका घरात राहिले ते आजी बोटांवर मोजून सांगते. बाकीचा संसार पत्रांवर. एकूण 118 पत्रं आहेत, त्यात पाटण तालुक्यातल्या आमच्या गावाहून तात्यांना गेलेलीही आहेत, कारण रजेवर येताना ते ती सगळी जपून परत आणायचे. ही पत्रं स्कॅन करण्यासाठी मी स्कॅनर घेतला. आठ महिने झाले, जवळजवळ प्रत्येक रविवारी वापरते आहे. असंच काम कुणाला करायचं असेल तर उपयोग व्हावा म्हणून सविस्तर लिहिते.

आधी मोबाइलच्या अ‍ॅपने करून पाहिलं. वाण्याच्या बिलाला ते ठीक आहे. आंतरदेशीय पत्राला तीन-चार घड्या असतात, प्रत्येक घडीवर सावली पडते आणि नेमकी घडीवरचीच ओळ वाचता येत नाही. मग एका मैत्रिणीचा पातळ, यूएसबीच्या वायरीवर चालणारा स्कॅनर आणला. त्यात सीआयएस प्रकारचा सेन्सर, म्हणजे चित्र टिपणारा भाग, असतो. काचेला टेकलेला कागद तो छान टिपतो, पण कागद जरा वर उचललेला असला की अक्षर पुसट येतं. साठ वर्षांची घडी काही सपाट होत नाही, आणि दाबून सपाट करू गेलं तर कागद तुटतो. शेवटी सीसीडी या दुसऱ्या प्रकारच्या सेन्सरचा जाड, वजनदार फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेवर कागद ठेवायचा स्कॅनर, घेतला. काचेपासून जरा वर उचललेलं अक्षरही त्याला स्पष्ट दिसतं. जुन्या पत्रांसाठी खरेदी करणार असाल तर सेन्सर सीसीडी की सीआयएस, दुकानात हा एकच प्रश्न आधी विचारा. वरून कागद ओढून घेणाऱ्या फीडरमध्ये जुनं पत्र कधीही घालू नका.

सेटिंग म्हणाल तर 600 डीपीआय (एका इंचात 600 ठिपके), रंगीत, आणि फाइल टिफ प्रकारची. अख्खं ए-4 पान घेतलं तर फाइल 100 एमबीच्या आसपास जाते, म्हणून वेगळी हार्ड डिस्क घ्यावी लागली. कागद पातळ असला की मागची शाई पुढे दिसते. पत्रावर काळा कागद ठेवून झाकण लावलं की ती बरीच कमी होते. घडीची सावली त्रास देत असेल तर पत्र काटकोनात फिरवून पुन्हा स्कॅन करायचं, कारण दिवा एकाच बाजूने येतो. गंजलेली टाचणी ओढू नका, हळूहळू सरकवत काढा.

तक्रार एकच आहे, पण मोठी. सोबत येणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये 'आपोआप सुधारणा' सुरू असते. पिवळं पडलेलं ते सगळं कागदाचं जुनेपण समजून ते पांढरं करून टाकतं. पहिली 30 पत्रं मी तशीच केली, आणि पांढरी स्वच्छ पानं बघून मला आनंदही झाला. त्यात काय गेलं ते पुढे कळलं.

पत्रांबद्दल सांगते. तात्यांच्या पत्रात ते कुठे आहेत हे कुठेच नाही. पत्ता नुसता केअर ऑफ 99 एपीओ, म्हणजे सैन्याचं टपालघर. 1967 मध्ये ते सिक्कीममध्ये होते हे डिस्चार्ज बुकावरून कळलं. पत्रं माझ्या पणजोबांच्या नावाने, 'तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार' अशी सुरू होतात. बायकोचं नाव एकाही पत्रात नाही. ओसरीवर सगळ्यांसमोर वाचली जाणारी पत्रं ती, तिच्या वाट्याला शेवटी एक ओळ यायची: 'घरी सर्वांस सांगणे, काळजी करू नये.' त्या 'सर्वांस'मध्ये आपण आहोत हे आजीला कळायचं. तिच्या बाजूचं पत्र शाळेचे गुरुजी लिहायचे. ती चौथीपर्यंत शिकली होती, पण घरात पुरुषमाणसं असताना सुनेने नवऱ्याला पत्र लिहायची पद्धत नव्हती.

सगळी पत्रं पोस्टाच्या शिक्क्याप्रमाणे लावली तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. ही दोघं कधीच एका वेळेला एकमेकांशी बोलत नव्हती. पत्र पोचायला बारा-पंधरा दिवस लागायचे. 11 सप्टेंबर 1967 ला सिक्कीममधल्या नथुला खिंडीत चिनी सैन्याशी गोळीबार सुरू झाला, तो 14 तारखेपर्यंत चालला. तात्या खिंडीत नव्हते, खालच्या ठाण्यावर होते, पण गावात हे कुणाला ठाऊक? रेडिओवर बातमी आली. आणि त्याच आठवड्यात 2 सप्टेंबरचं पत्र गावात पोचलं: 'इकडे सर्व शांत आहे. थंडी पडू लागली आहे.' आजी सांगते, ते पत्र आबांनी वाचून दाखवलं तेव्हा सासूबाई रडायला लागल्या. गोळीबारानंतर लिहिलेलं पत्र महिनाअखेरीस आलं. मधले दिवस त्या घरात माणूस शांतही होता आणि नव्हताही.

बरोबर तीन महिन्यांनी, 11 डिसेंबरच्या सोमवारी पहाटे सव्वाचारच्या पुढे आमच्याच पाटण तालुक्यात कोयनेचा भूकंप झाला. पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगरची घरं भुईसपाट झाली. आता रेडिओ ऐकायची पाळी तात्यांची होती. त्यांचं 13 तारखेचं पत्र आहे, त्यात चारदा विचारलंय: सर्व जण कसे आहेत. अक्षर नेहमीचं नाही, ओळी तिरक्या गेल्यात.

गावाकडून गेलेलं पत्र मला लवकर सापडलंच नाही. ते होतं पहिल्या तिसात, सॉफ्टवेअरने पांढऱ्या केलेल्या पत्रांत, आणि शाई इतकी उडालेली की मी ते कोरं समजून बाजूला ठेवलं होतं. सहाव्या महिन्यात पुन्हा घेतलं. निळी शाई पुसट असेल तर चित्राचा फक्त लाल चॅनल उघडून बघावा (रंगीत चित्र लाल, हिरवा, निळा अशा तीन थरांचं असतं, त्यातला एक थर म्हणजे चॅनल), शाई गडद दिसते. तसं केल्यावर पाच ओळी उमटल्या. मोठी, सुटी, शाळकरी अक्षरं. गुरुजींचं वळण नाही. 'घर पडले. आबांच्या पायाला लागले. बाकी माणसे आहेत. गुरुजी गावात नाहीत म्हणून मी लिहिते. तुम्ही जपून राहावे.' खाली सही नाही. साठ वर्षं जवळजवळ कोऱ्या दिसणाऱ्या कागदावर माझ्या आजीने नवऱ्याला लिहिलेलं पहिलं पत्र होतं.

मग चुकून निळा चॅनल उघडला गेला. पत्त्याच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, काळा डाग. मोठा केला तर बोटाच्या रेषा. पिवळा रंग निळ्या चॅनलमध्ये काळा दिसतो. ती हळद होती. डोळ्यांना त्या निळसर कागदावर नुसती हिरवट झाक वाटते, आणि आपोआप सुधारणेने तर ती साफ पुसली होती. हळदीचा रंग उजेडाने उडतो. ट्रंकेच्या अंधारात घडी घालून ठेवल्यामुळे ती राहिली. म्हणून ते पत्र मी पुन्हा दिव्याखाली घेतलेलं नाही, आणि कुणी हळद-कुंकवाचे कागद करणार असेल तर सगळी सेटिंग आधी साध्या कागदावर जुळवून घ्या.

दुःखाची बातमी असली की कार्डाचा कोपरा फाडून पाठवायचे, हे जुन्या माणसांना माहीत आहे. पत्र हातात पडलं की उघडण्याआधी माणूस कोपरा बघायचा. तात्या कोपरा बघणार हे आजीला माहीत होतं. नुसता न फाटलेला कोपरा तिला पुरेसा वाटला नाही.

तात्यांचं उत्तर 4 जानेवारी 1968 चं आहे, नेहमीप्रमाणे आबांच्या नावाने. पायाची चौकशी, घरासाठी पाठवलेल्या मनिऑर्डरचा हिशेब, आणि शेवटी: 'पत्र हाती येताच प्रथम कोपरा पाहिला. घरी सांगणे.' ही ओळ मी मार्चमध्येच टाइप करून ठेवली होती. तिचा अर्थ ऑगस्टमध्ये लागला.

स्कॅनरबद्दल राहिलेलं: काच पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड वापरा, काचेवर थेट स्प्रे मारू नका. हस्ताक्षरातलं मराठी आपोआप टाइप करून देणारी सोय माझ्या पत्रांवर चालली नाही, सगळं बसून हाताने उतरवते आहे. आवाज थोडा आहे. आठ महिन्यांत बिघाड नाही. पैसे वसूल झाले का, असं नवऱ्याने विचारलं तेव्हा मी त्याला तो कोपरा दाखवला.

आजीला आता बारीक दिसत नाही. मी ते पत्र टीव्हीच्या पडद्यावर लावलं, कोपरा मोठा करून. ती उठून पडद्याजवळ गेली, आपलं बोट त्या बोटावर ठेवलं आणि बराच वेळ तशीच उभी होती. मग म्हणाली, "घर पडलं तवा मिसळणाचा डबा तेवढा घावला व्हता, बये. त्यातली हाय ही."

अजून 41 पत्रं व्हायची आहेत.