क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह: फेज १ ची यादी वाचायची असेल तर

धाकट्या बहिणीचा ट्रिपल निगेटिव्ह (हॉर्मोन आणि हर-२ ची औषधं लागू न पडणारा) स्तनाचा कर्करोग केमोनंतर फुप्फुसात पोचला, तेव्हापासून मी क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही वेबसाइट वापरतेय. माणसांवर होणाऱ्या औषधांच्या चाचण्यांची, म्हणजे ट्रायलची, नोंद तिथे असते. अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन ती २००० पासून चालवते. पैसे नाहीत, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. आजार, देश, 'रिक्रूटिंग' (पेशंट घेणं चालू) आणि फेज (चाचणीचा टप्पा) निवडलं की यादी समोर येते.

फेज १ मध्ये, म्हणजे पहिल्या टप्प्यात, बहुतेक औषधांच्या जोड्याच दिसतात: इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडणारी औषधं) आणि केमो, पार्प इन्हिबिटर (कर्करोगाच्या पेशीला डीएनए दुरुस्त करू न देणारं औषध) आणि आणखी काही. नावं वाचूनच आशा वाटू लागते. तरी आधी 'प्रायमरी आउटकम', म्हणजे ट्रायल मुख्यतः काय मोजतेय, ते उघडा. तिथे बऱ्याचदा 'डोस लिमिटिंग टॉक्सिसिटी' (डोस आवरावा लागेल असा त्रास) असतं. म्हणजे ही औषधं एकत्र दिली तर किती डोस सोसतो, हे आधी पाहायचंय. गाठ किती आटते ते त्यानंतर. पेशंटला हे स्पष्ट सांगायलाच हवं. मी बहिणीला सांगितलं. तिला ते ऐकायचा हक्क आहे.

मला सगळ्यात उपयोगी पडल्या त्या संपलेल्या ट्रायलच्या नोंदी. फेज १ ची कीनोट-१७३ पाहा: ऑपरेशनआधी पेम्ब्रोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध आणि केमोच्या वेगवेगळ्या जोड्या, सहा गट, प्रत्येकी १० बायका. २२ जणींना डोस आवरावा लागेल असा त्रास झाला, त्यात पांढऱ्या पेशी घटून येणारा ताप जास्त. त्याच वाटेने पुढे १,१७४ जणींची कीनोट-५२२ झाली. पहिल्या ६०२ जणींच्या विश्लेषणात, ही जोडी मिळालेल्यांत ऑपरेशनवेळी कर्करोग उरलाच नाही असं प्रमाण ६४.८ टक्के होतं. नुसत्या केमोवर ५१.२. २०२१ मध्ये या जोडीला अमेरिकेत मान्यता मिळाली. कीनोट-१७३ मधल्या त्या साठजणींबद्दल मला फार कृतज्ञता वाटते.

ट्रायलच्या पात्रतेच्या अटी छापून घ्या आणि पेशंटची फाइल शेजारी ठेवून वाचा: आधी किती प्रकारची केमो झाली, मेंदूत गाठी आहेत का, शेवटच्या डोसला किती आठवडे झाले. यादीतल्या बहुतेक ट्रायल इथेच गळतात. यादीत ट्रायलचं नाव असणं म्हणजे सरकारची शिफारस नव्हे, हे साइट स्वतःच सांगते. भारतातल्या ट्रायलसाठी सीटीआरआय (क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया) ही आपली नोंदवहीही बघा. तिथली नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे.

सगळं इंग्रजीत, म्हणून एक तारा कमी. पाचपैकी चार. ट्रायलचा एनसीटीने सुरू होणारा नोंदणी नंबर लिहून घ्या आणि तोच ऑन्कोलॉजिस्टना (कर्करोगाच्या डॉक्टरांना) दाखवा.