तीन गिअरचा 1:14 ट्रक: एका पावसाळ्यानंतर, आणि मुख्यतः बुशबद्दल

स्पेक सगळ्यांना पाठ आहेत: रिमोटवर चालणाऱ्या, खऱ्याच्या चौदाव्या हिश्श्याच्या (1:14) ट्रकचं जपानी किट, घरी जोडायचं, 540 आकाराची मोटर, तीन गिअर. मला लिहायचंय ते बुशबद्दल, म्हणजे चाकाचा आस ज्यात फिरतो त्या कडीबद्दल. एवढ्या महाग डब्यात चाकांसाठी प्लास्टिकचे बुश निघावेत, हा राग अजून गेलेला नाही. खेळण्यांवरची कस्टम ड्युटी 2020 मध्ये 20 टक्क्यांवरून 60 झाली, 2023 मध्ये 70. म्हणजे त्या प्लास्टिकच्या तुकड्यांवरही आपण ड्युटी भरतो.

पावसाळाभर गाडी भांडुपला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्येच चालली. खाली सिमेंटची बारीक धूळ, वर दमट हवा. गणपतीच्या सुमारास मागच्या डाव्या चाकातून किरकिर सुरू झाली. बोटाने हलवलं तर चाक डुगडुगत होतं. उघडलं, तर बुशचं भोक लंबगोल झालेलं. ज्याच्याकडून किट घेतलं त्याला फोन केला. "साहेब, प्लास्टिक आहे, झिजणारच. वॉरंटीत येत नाही. बेअरिंगचा इम्पोर्टेड सेट आहे, पाठवू का?" झिजणारच हे ठाऊक होतं, तर विकताना का नाही सांगितलं? बराच वेळ भांडलो. उपयोग शून्य.

तो सेट घेतला नाही, मुंबईतला हार्डवेअरचा बाजार, नागदेवी स्ट्रीट गाठली. आरसीवाले (रिमोटच्या गाड्यांचे शौकीन) ज्याला 1150 म्हणतात, ते म्हणजे बाहेरचा व्यास 11, भोक 5, जाडी 4 मिलिमीटर. हेच बेअरिंग बाजारात एमआर 115 नावाने मिळतं. झेडझेड घेतलंत तर पत्र्याची झाकणं, टूआरएस घेतलंत तर रबरी सील. मुंबईच्या धुळीसाठी टूआरएसच घ्या. सीलमुळे चाक किंचित जड फिरतं, पण ट्रकला त्याने काही फरक पडत नाही. सगळी बेअरिंगं मिळून खर्च त्या इम्पोर्टेड सेटच्या चौथ्या हिश्श्याइतकाही आला नाही. आता ट्रकला हलकासा धक्का दिला तरी तो घरंगळत जातो, मोटर कमी तापते आणि तीच 7.2 व्होल्टची बॅटरी जास्त वेळ पुरते.

गिअरबॉक्सबद्दल माझं मत मात्र पार बदललं. रिकामा ट्रक फिरवताना तीन गिअर निव्वळ शोभेचे वाटायचे. मग 20 फुटी कंटेनरचा ट्रेलर बनवला (या मापात सुमारे 43 सेंटिमीटर), त्यात तांदळाच्या पिशव्या भरल्या आणि पार्किंगच्या उतारावर वरच्या दिशेने घातला. तिसऱ्याला, म्हणजे साधारण 10.7:1 ला (चाकाच्या एका फेऱ्याला मोटरचे 10.7 फेरे), मोटर कण्हायला लागली. पहिल्याला, 32:1 च्या आसपास, तोच ट्रक न धापता वर गेला, अगदी घाटात भरलेली गाडी चढते तसा. वेगाचं वेड असेल तर हे किट घेऊ नका. आपल्या चालण्याचा वेग, ताशी 5 किलोमीटर, या मापात 70 होतो. तेवढा पुरे.

कमानपाट्यांवर ऑगस्टमध्येच तांबूस डाग आले. शिवणयंत्राचं तेल फडक्याने पुसून घेतलं, काम झालं. नंबरप्लेट एमएच 46 ची (पनवेलची), पिवळ्यावर काळी, 24 बाय 14 मिलिमीटर. तिच्याकडे बघत बसावंसं वाटतं.

इमारतीत एक काका आहेत, आयुष्यभर न्हावाशेवाला ट्रेलर चालवला त्यांनी. मला रिव्हर्स त्यांनीच शिकवला. "आधी स्टिअरिंग उलटं काप, ट्रेलर वळला की त्याच्या मागे जा. घाई नको रे." प्लास्टिकचा बुश हातात घेऊन बघितला आणि म्हणाले, "आमच्या यार्डातून हबला ग्रीस भरल्याशिवाय गाडी बाहेर पडत नव्हती." मला नेमकं हेच म्हणायचंय. बाकी सगळ्या गोष्टी इतक्या मन लावून केलेल्या किटमध्ये हबच, म्हणजे चाकाचा मधला भागच, का वाऱ्यावर सोडावा?

किट मागवलं असेल तर जोडायला बसण्याआधीच बेअरिंगं आणून ठेवा. चाकांची नंतरही बदलता येतात, पण गिअरबॉक्समधली बदलायची तर अर्धी चॅसी उसवावी लागते. आणि नागदेवीला रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.