घरबसल्या व्यायामोपचार: आईसोबतचे बारा आठवडे

आईच्या स्तनाच्या कर्करोगावरील केमोथेरपी संपली, तेव्हा घरातल्या घरात स्वयंपाकघरापर्यंत चालतानाही तिला दम लागत असे, आणि पॅक्लिटॅक्सेल या केमोथेरपीतील औषधामुळे तळपाय बधिर झाले होते. असा रुग्ण हाताळण्याची सवय असलेला फिजिओथेरपिस्ट सोलापुरात आम्हाला मिळाला नाही, म्हणून पुण्याच्या एका केंद्राची व्हिडिओ कॉलवरची सेवा मार्चमध्ये घेतली.

पहिल्या कॉलमध्ये कोणताही व्यायाम झाला नाही, आणि त्यामुळेच माझा विश्वास बसला. हिमोग्लोबिन, प्लेटलेट, हृदयाच्या सोनोग्राफीचा अहवाल, शस्त्रक्रियेच्या बाजूच्या हाताची सूज, हे सारे विचारून झाल्यावर त्यांनी डॉक्टरांची लेखी परवानगी मागितली, आणि मगच ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता येते ते मोजले. आई ८ वेळा उठली.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या पुढाकाराने २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिफारशींत आठवड्यातून तीनदा ३० मिनिटे मध्यम श्रमाचा आणि दोनदा ताकदीचा व्यायाम सुचवला आहे. आईला मात्र १० मिनिटांपासून सुरुवात करून दिली. बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतकाच वेग ठेवायचा, हे तिला लगेच पटले. ज्या दिवशी ताप किंवा फार थकवा असेल, त्या दिवशी प्रशिक्षिका स्वतःच वेळ कमी करत किंवा सुट्टी देत. या सेवेची खरी किंमत मला याच रोजच्या फेरफारात दिसली.

उणिवा सांगितल्याच पाहिजेत. संध्याकाळी पाचला बाहेर चाला, ही सूचना एप्रिलच्या सोलापुरात पाळता येत नाही. पारा चाळिशीच्या वर असताना आम्ही पहाटे गच्चीवर चालण्याची वेळ ठरवून घेतली. तोल सावरण्याचे व्यायाम करताना फोनमध्ये पावले दिसतच नव्हती, आणि बधिर पायांच्या बाईसाठी ही गोष्ट क्षुल्लक नाही. लेखी सूचना केवळ इंग्रजीत होत्या.

माहितीपत्रकात ८८९ रुग्णांवरील, २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचा दाखला होता. पाच वर्षांनंतर रोगमुक्त राहिलेल्यांचे प्रमाण व्यायाम गटात ८०.३ टक्के आणि केवळ माहितीपुस्तिका मिळालेल्या गटात ७३.९ टक्के होते, हे खरे आहे. परंतु ते सारे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे रुग्ण होते आणि व्यायामाचा कार्यक्रम तीन वर्षांचा होता. स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णालाही बारा आठवड्यांत तोच लाभ मिळेल, असा समज होईल अशा रीतीने तो आकडा छापणे मला योग्य वाटले नाही.

शेवटच्या आठवड्यात आई १३ वेळा उठली, आणि सिद्धेश्वर तलावाच्या काठी न थांबता अर्धा तास चालली. सेवा घेणाऱ्यांनी फोनसाठी उंच स्टँड घ्यावा, खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि प्रत्येक कॉलच्या वेळी घरातील एक माणूस जवळ उभा ठेवावा.