शंकरनगरातील कर्जसल्ला : बँकेचे पन्नास टक्के आणि आमच्या घरचा जून

आपल्या घराला किती कर्ज झेपेल हे ठरवून देणाऱ्या सल्लागाराकडे पैसे मोजून जावे लागेल, असे मला गेल्या पावसाळ्यापर्यंत कधी वाटले नव्हते. आमच्याकडे घराचे कर्ज होते, दुचाकीचे होते, क्रेडिट कार्डावर काही बाकी होती आणि त्यात चारचाकी घेण्याचा विचार पक्का होत आला होता. शोरूममधल्या फायनान्सच्या मुलाने माहितीपत्रकाच्या मागच्या बाजूवर दोन मिनिटांत हिशोब मांडला. माझे हातात येणारे ६२,००० आणि पत्नीच्या शिकवण्यांचे २४,००० मिळून ८६,००० रुपये, हप्त्यांची मर्यादा म्हणून त्याचे निम्मे ४३,०००. घराचा हप्ता २६,०३५ आणि दुचाकीचा ३,१०० यांत गाडीच्या ८ लाखांच्या कर्जाचा, म्हणजे साडेनऊ टक्क्यांनी ७ वर्षांचा, १३,०७५ रुपयांचा हप्ता मिळवला तरी बेरीज ४२,२१० होते, तेव्हा "आरामात बसते, सर," असे तो म्हणाला. पत्नीला ते पटले नाही. तिच्या आग्रहावरून आम्ही नागपूरच्या शंकरनगर चौकाजवळच्या एका सल्लागाराकडे गेलो. त्यांचे नाव येथे देत नाही, कारण सेवेतल्या उणिवाही मी लिहिणार आहे.

शुल्क २,५०० रुपये होते आणि त्यात दोन बैठका होत्या. रीतसर पावती मिळाली, आणि कोणत्याही बँकेचा अर्ज किंवा विमा पॉलिसी पुढे सरकवली गेली नाही, हे मी मुद्दाम नोंदवतो. मी हिंगणा एमआयडीसीत कामाला असल्याने लोकमान्यनगरहून मेट्रोने शंकरनगरला उतरून पायी पोहोचणे सोयीचे झाले. येताना सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, पगारपत्रके आणि क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या सगळ्या कर्जांची नोंद, आणायला फोनवर सांगितले होते. प्रत्येक क्रेडिट माहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, हे मला त्या फोनवरच कळले. त्याआधी एका संकेतस्थळावर मी त्यासाठी पैसे भरले होते.

सल्लागारांनी टक्केवारीला हातच घातला नाही, ही या सेवेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे. बँका साधारणपणे उत्पन्नाच्या ४० ते ५० टक्क्यांपर्यंत हप्ते चालवून घेतात, पण ती मर्यादा बँकेने आपले पैसे परत येतील की नाही हे पाहण्यासाठी आखलेली असते आणि त्यात आपल्या घरचे वर्ष कसे जाते याचा विचार नसतो, एवढे सांगून त्यांनी कोरा कागद पुढे ओढला आणि म्हणाले, "भाऊ, मला सरासरी नको, जूनचा हिशोब द्या."

जूनचा हिशोब मांडताना माझ्या लक्षात आले की आम्ही इतकी वर्षे स्वतःची फसवणूक करून घेत होतो. पत्नीच्या शिकवण्या मे आणि जूनमध्ये बंद असतात, म्हणजे त्या दोन महिन्यांत घरात फक्त ६२,००० येतात. चालू हप्ते २९,१३५ आणि कार्डाचे किमान देय २,४०० गेले की ३०,४६५ उरतात. किराणा, दूध, पेट्रोल, वडिलांची औषधे असा नेहमीचा खर्च ४४,००० चा, त्यामुळे मे महिनाच १३,५३५ रुपयांनी तुटीत जातो. जूनमध्ये तेवढ्याच तुटीवर मुलीच्या शाळेची पहिली फी आणि वह्या-पुस्तके-गणवेश मिळून ३७,००० चढतात. दोन्ही महिन्यांची तूट ६४,०७० रुपये झाली, आणि त्यात उन्हाळ्यातले कूलर-एसीचे वाढीव बिल धरलेलेच नव्हते. उरलेल्या दहा महिन्यांत दरमहा १०,४६५ शिल्लक पडतात, म्हणजे वर्षाअखेर ४०,५८० रुपये हातात राहतात. दिवाळी, विम्याचा वार्षिक हप्ता आणि लग्नकार्यातले अहेर एवढ्यातच भागवायचे. गाडीच्या हप्त्याचे वर्षाचे १,५६,९०० रुपये त्यात कुठून येणार होते? माहितीपत्रकामागच्या हिशोबात एकही आकडा खोटा नव्हता, मात्र तो हिशोब सप्टेंबरसारख्या, शिकवण्या चालू असलेल्या महिन्याचा होता.

कार्डाची ४८,००० ची बाकी कुठून आली, याचेही उत्तर त्याच कागदावर मिळाले. तिचे मूळ आदल्या जूनच्या फीत होते. दरमहा साडेतीन टक्क्यांनी त्यावर १,६८० रुपये व्याज आणि व्याजावर १८ टक्के जीएसटीचे ३०२ रुपये लागत होते, त्यामुळे मी भरत असलेल्या २,४०० पैकी मुद्दलात जेमतेम ४१८ रुपये जात होते. शिवाय बाकी थकीत असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही, त्यामुळे महिन्याचे पेट्रोलसुद्धा आम्ही व्याजाने भरत होतो. त्याच वेळी पत्नीच्या नावे ६०,००० ची मुदत ठेव सात टक्क्यांहून कमी व्याजावर पडून होती. ती मोडून कार्ड फेडा, असा स्पष्ट सल्ला मिळाला. हिशोब बिनतोड होता, तरी ती ठेव तिच्या शिकवण्यांच्या पैशांतून साठलेली होती आणि सही करताना ती काही क्षण थांबली, हे मी विसरू शकत नाही.

क्रेडिट रिपोर्ट वाचण्याची त्यांची पद्धत शिकण्यासारखी आहे. त्यांनी पहिल्या पानावरच्या स्कोअरकडे न पाहता थेट खात्यांच्या यादीकडे पाहिले आणि विचारले, "जमानत कुणाला दिली आहे?" तीन वर्षांपूर्वी साळ्याच्या कर्जाला मी जामीनदार राहिलो होतो, ते खाते माझ्या रिपोर्टमध्ये होते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, हे त्यांनी मला न घाबरवता समजावले आणि कागदाच्या समासात त्या कर्जाची बाकी लिहून ठेवली. पगारातून परस्पर कापला जाणारा कर्मचारी पतसंस्थेचा ४,५०० चा हप्ताही त्यांनी कर्जात मांडला. बँक स्टेटमेंटमध्ये तो कधी दिसत नाही, म्हणून मी त्याला कर्ज मानतच नव्हतो.

दुचाकीच्या कागदांवर ७ टक्के दर पाहून मला तो स्वस्त वाटला होता. तो फ्लॅट दर होता, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी व्याज शेवटपर्यंत मूळ रकमेवरच लागते, आणि ५ वर्षांच्या मुदतीला घटत्या शिलकीवर तो साडेबारा टक्के पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना ठळक माहितीचे पत्रक देणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले आहे आणि त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहिलेला असतो. पुढच्या वेळी सहीपूर्वी तो आकडा वाचा, असे त्यांनी सांगितले. घराच्या कर्जाचा दर एका टक्क्याने वाढला तर हप्ता २७,९६४ होईल, हेही मांडून पाहिले.

शेवटी मिळालेले उत्तर असे होते. सध्या गाडीसाठी एक रुपयाही कर्ज घेऊ नये. जुलै ते एप्रिल दरमहा साडेसहा हजार वेगळ्या खात्यात ठेवून मे-जूनची तूट आधीच भरून ठेवावी. ९ महिन्यांनी दुचाकीचा हप्ता संपेल, १४ महिन्यांनी पतसंस्थेचा संपेल, आणि कार्डाचे २,४०० धरून दरमहा १०,००० रुपये मोकळे होतील. त्या वेळी ३ लाखांचे, ५ वर्षांचे कर्ज, म्हणजे साधारण ६,३०१ रुपयांचा हप्ता घ्यावा आणि उरलेले पेट्रोल, विमा व सर्व्हिसिंगसाठी ठेवावे. ८ लाखांवरून ३ लाखांवर येणे मला जड गेले, पण त्यांच्या कागदावरची एकही ओळ मला खोडता आली नाही.

आता उणिवा. दुसरी बैठक पूर्वसूचना न देता आठवडाभर पुढे ढकलली गेली आणि मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून परत आलो. सगळा हिशोब हाताने लिहिलेल्या कागदावर मिळतो, आकडा बदलला तर पुन्हा मांडायची सोय नाही. ठेव मोडल्यावर आमच्याकडे १२,००० रुपयेच उरत होते आणि घरात औषधोपचार चालू असलेले वडील आहेत, तरी आपत्कालीन रकमेविषयी मी विचारेपर्यंत ते काही बोलले नाहीत. हा दोष मी गंभीर मानतो.

सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट वेगळी आहे. पहिल्या बैठकीत पाऊण तास सगळे प्रश्न मलाच विचारले गेले आणि किराण्याचा आकडा मी अंदाजाने १२,००० सांगितला. पत्नी शेजारीच बसली होती. तिने पिशवीतून रोजच्या खर्चाची डायरी काढून टेबलावर ठेवली, तेव्हा तो आकडा १६,४०० निघाला आणि अर्धा कागद पुन्हा लिहावा लागला. "ताई, ही आधी मागायला हवी होती," असे सल्लागार म्हणाले आणि तेथून पुढे त्यांनी तिलाच विचारले, ही त्यांच्या बाजूने चांगली गोष्ट. तरी घरचा हिशोब पाहणाऱ्याने घर चालवणाऱ्या बाईला पहिला प्रश्न विचारायला हवा, असे मला मनापासून वाटते.

ज्यांचे उत्पन्न बाराही महिने सारखे आहे आणि एकच कर्ज आहे, त्यांना २,५०० खर्च करण्याची गरज नाही. घरात शिकवण्या, हंगामी धंदा किंवा शेतीचा पैसा येत असेल आणि तीन-चार ठिकाणचे हप्ते चालू असतील, तर सही करण्याआधी अवश्य जावे. आम्ही एप्रिलमध्ये पुन्हा वेळ घेतली आहे, आणि या वेळी डायरी आम्ही आधीच पाठवून दिली आहे.