आईचा गुडघा आणि 'कस्टम' इम्प्लांट - फोंड्यातला अनुभव

आईच्या उजव्या गुडघ्याची झीज शेवटच्या स्टेजला गेलेली, पाय पार वाकडा, देवळाच्या पायऱ्या चढणं कधीच बंद झालेलं. शेवटी फोंड्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात सांधा बदलून घेतला, आणि मी त्यांना मनापासून पैकीच्या पैकी देतो.

त्याआधी दुसरीकडे दाखवलं होतं, तिथे कस्टम इम्प्लांट (खास पेशंटच्या मापाने बनवलेला कृत्रिम सांधा) म्हणून भलताच खर्च सांगितला. खोदून विचारल्यावर कळलं की बसवणार तो नेहमीचाच सेट, फक्त हाड कुठे कापायचं ते दाखवणारे साचे, म्हणजे जिग, तेवढे आईच्या स्कॅनवरून बनवून आणणार! खऱ्या कस्टममध्ये खुब्यापासून घोट्यापर्यंत सीटी स्कॅन करतात, त्यावरून थ्रीडी मॉडेल आणि मग सांधाच त्या पेशंटच्या मापाने घडवतात, त्याला कित्येक आठवडे लागतात. शिंप्याकडून शिवून घेणं आणि रेडिमेड घेणं, एवढा फरक आहे.

फोंड्याच्या डॉक्टरांनी एक्स-रे लावून आईलाच समजावलं, "काकी, तुमचं हाड नेहमीच्या साइझमध्ये नीट बसतंय, आकार फारच वेगळा असता तर मीच कस्टम सुचवलं असतं." कस्टममध्ये माप जास्त चपखल बसतं हे त्यांनी मान्य केलं, पण साध्या सांध्याचा रेकॉर्ड जुना आहे, २०१९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात साधारण ८२ टक्के सांधे २५ वर्षं टिकलेले दिसले, कस्टमचा एवढ्या वर्षांचा हिशोब अजून कोणाकडेच नाही. महागडी वस्तू गळ्यात मारायची संधी असून मारली नाही, मला तर तिथेच विश्वास बसला.

२०१७ साली सरकारने कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूच्या साध्या सांध्याच्या सेटची कमाल किंमत ५४,७२० रुपये अधिक जीएसटी अशी ठरवली होती, हे माहीत असलं की कोटेशन वाचताना बरं पडतं. ऑपरेशनचा, रूमचा खर्च अर्थात वेगळा.

फिजिओवाली मुलगी तर हिराच, दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं केलं, आई रडली तरी हिने गोड बोलून गुडघा वाकवून घेतलाच. पहिले काही आठवडे दुखतं, सूज असते, बर्फ आणि व्यायाम चुकवून चालत नाही, आणि खाली मांडी घालून बसू नका असं आम्हाला स्पष्ट सांगितलंय. डिस्चार्जच्या दिवशी बिलिंगला मात्र फार ताटकळत ठेवतात, ते सुधारायला हवं.

कुठेही करा, इम्प्लांटच्या पाकिटावरचे कंपनी, साइझ, लॉट नंबरचे स्टिकर डिस्चार्जच्या कागदांवर चिकटवून मागून घ्या, पुढे कधी सांधा परत उघडायची वेळ आली तर डॉक्टर आधी तेच मागतात.