कम्युनिटी फाउंडेशनचं अनुदान : घेणाऱ्या बाजूचा अभिप्राय

मी एका छोट्या धर्मादाय संस्थेची खजिनदार आहे. डायलिसिसच्या रुग्णांना घरून उपचार केंद्रावर न्यायचं आणि परत घरी आणून सोडायचं, एवढंच आमचं काम. एक व्हॅन, तिच्यात व्हीलचेअर चढवायला हायड्रॉलिक रॅम्प, एक पगारी चालक आणि बाकी आम्ही सगळे बिनपगारी. हे काम ज्या पैशावर चालतं त्यातला मोठा वाटा आमच्या भागातल्या कम्युनिटी फाउंडेशनकडून येतो. मिक्सर घेतला तरी लोक चार ओळी लिहितात, पण अनुदान देणाऱ्यांबद्दल घेणारे सहसा उघडपणे लिहीत नाहीत, कारण पुढच्या वर्षी पुन्हा त्यांच्याच दारात जायचं असतं. मी फाउंडेशनचं नाव घेणार नाही, पण लिहिताना हातचं काही राखणारही नाही.

ज्यांना ही व्यवस्था माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. एका भागातले अनेक देणगीदार आपापला पैसा एका सामाईक निधीत ठेवतात. त्यात मोठे उद्योजक असतात, निवृत्त शिक्षक असतात, मृत्युपत्रात काही रक्कम लिहून गेलेलेही असतात. मुद्दल शक्यतो तसंच ठेवून त्याच्या उत्पन्नातून दरवर्षी त्याच भागातल्या कामांना अनुदानं दिली जातात. कोणाला द्यायचं ते स्थानिक समिती ठरवते. १९१४ साली अमेरिकेत क्लीव्हलंडमध्ये फ्रेडरिक गॉफ या बँकरनं अशी पहिली संस्था उभी केली. वाटपाच्या समितीवर फक्त बँकेची माणसं नकोत म्हणून काही सभासद महापौर आणि न्यायाधीशांनी नेमायचे, अशी तरतूदही त्यानं केली होती. पैसा खाजगी, पण त्यावर नजर गावाची.

आता आमचा अनुभव.

व्हॅन आम्हाला दुसऱ्याच एका मोठ्या निधीनं घेऊन दिली. त्यांच्या अर्जात एक रकाना होता : ‘या प्रकल्पात नावीन्य काय?’ रुग्णाला गाडीत बसवून नेण्यात नावीन्य काय लिहायचं? तरी काहीबाही लिहिलं, मंजुरी आली, व्हॅन आली, दारावर त्यांच्या चिन्हाचा मोठा स्टिकर लागला. पण चालकाचा पगार, डिझेल, विमा, रॅम्पची देखभाल यांतला एकही खर्च त्यांच्या नियमांत बसत नव्हता. तो सगळा ‘आस्थापना खर्च’. वस्तू घ्यायला पैसे आहेत, ती चालवायला नाहीत, ही अट कोणत्या हिशेबानं योग्य ठरते ते मला अजूनही कोणी समजावून सांगितलेलं नाही. शेवटचा हप्ता तर आर्थिक वर्ष उलटून गेल्यावर जमा झाला. तोवर आमच्या कार्यवाहांनी चालकाचा पगार स्वतःच्या खिशातून दिला होता.

या पार्श्वभूमीवर स्थानिक फाउंडेशनकडे गेलो, आणि इथे मात्र मनापासून चांगलं लिहायचं आहे. प्रस्ताव लिहायच्या आधीच त्यांच्या अनुदान अधिकारी बाईंचा फोन आला : ‘आधी मी येऊन बघते, मग लिहा.’ त्या सकाळी आल्या आणि चालकाशेजारी बसून पूर्ण फेरी फिरल्या. परतीच्या वेळी एका काकांना केंद्रातून बाहेर आणलं. डायलिसिसमध्ये शरीरातलं जादा पाणी काढलं जातं, त्यामुळे संपल्यावर अनेकांचा रक्तदाब उतरतो. काका उभे राहिले आणि लगेच खाली बसले. आमच्या चालकानं रॅम्प तसाच खाली ठेवला, त्यांचे पाय वर घेतले, नर्सला बोलावलं आणि त्यांना बरं वाटेपर्यंत गाडी जागची हलवली नाही. बाई काही बोलल्या नाहीत, पण वहीत लिहीत होत्या.

त्याचा परिणाम करारात दिसला. आधीच्या निधीला दर तिमाहीला ‘एकूण फेऱ्या’ हा आकडा हवा असायचा. आकडा वाढवायचा तर चालकानं घाई करायला हवी, म्हणजे काकांना तसंच उचलून गाडीत घालायला हवं. फाउंडेशननं तो आकडाच काढून टाकला. त्याऐवजी विचारलं : गाडी न मिळाल्यामुळे किती जणांचं डायलिसिस चुकलं? बहुतेक रुग्णांना आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण चार तास मशीनवर राहावं लागतं. एक वेळ चुकली की फुप्फुसात पाणी साठू शकतं, पोटॅशियम वाढून हृदयाची लय बिघडू शकते. म्हणजे मोजायचं तर चुकलेलं डायलिसिसच मोजायला हवं. तो एक प्रश्न बदलल्यावर आमच्या कामाची रीत बदलली : आम्ही ठरलेल्या फेऱ्यांच्या मध्ये मोकळा वेळ ठेवायला लागलो आणि चालक आजारी पडला तर कोण जाणार याची यादी केली.

पगार, डिझेल, विमा, दुरुस्ती हे सगळं त्यांनी मान्य केलं. रॅम्पच्या सिलिंडरमधून तेल गळायला लागलं तेव्हा सील बदलायचा खर्च एका ईमेलवर मंजूर झाला. तीन दरपत्रकं मागितली नाहीत, कारण त्या बनावटीच्या रॅम्पचं काम करणारा मेकॅनिक जवळपास एकच आहे हे त्यांना माहीत होतं. हे माहीत असणं हीच या सेवेची खरी किंमत. लांबच्या मोठ्या देणगीदाराला प्रामाणिक संस्था आणि नुसती चांगला प्रस्ताव लिहिणारी संस्था यांतला फरक कागदावरूनच शोधावा लागतो, म्हणून तो कागद वाढवत जातो. जवळच्या निधीला चालून येता येतं. जो निधी जवळ असूनही लांबच्यासारखाच कागद मागतो, त्यानं जवळ असण्याचा फायदा वाया घालवला असं मी म्हणेन.

आणि ओळखीचा हा फायदा आमच्यापुरताच नाही. ब्रिटनमध्ये २०१९ साली नॅशनल इमर्जन्सीज ट्रस्ट सुरू झाला आणि लगेच २०२० मध्ये कोविड आला. देशभरातून जमलेला पैसा त्यांनी ठिकठिकाणच्या कम्युनिटी फाउंडेशनांमार्फत वाटला. कोणत्या वस्तीत कोण डबे पोचवतं, कोणाच्या हातात पैसा दिला तर तो संध्याकाळपर्यंत कामाला लागेल, ही माहिती राजधानीतल्या कार्यालयात बसून गोळा करता आली नसती. टोरोंटोच्या फाउंडेशननं २००१ पासून ‘व्हायटल साइन्स’ नावाचा अहवाल काढायला सुरुवात केली : घरं, रोजगार, आरोग्य, शाळा यांत शहर कुठे उभं आहे ते आकड्यांत मांडायचं आणि त्यावरून अनुदानाचा विचार करायचा. पुढे ही पद्धत इतर अनेक ठिकाणी उचलली गेली. खुद्द क्लीव्हलंडच्या फाउंडेशनचा आधी नावलौकिक झाला तो पैसे वाटून नाही, तर पाहण्या करून. सुरुवातीला वाटण्यासारखं फारसं नव्हतंच, म्हणून त्यांनी शहरातल्या शाळा आणि न्यायव्यवस्था तपासून घेतल्या.

आता तक्रार. आमच्या फाउंडेशनची हद्द नकाशावर आखलेली आहे. हद्दीच्या पलीकडे, अगदी रस्ता ओलांडला की, राहणारे काही रुग्ण आमच्याच केंद्रावर येतात. त्यांच्यासाठी फाउंडेशनचा पैसा वापरता येत नाही. एकाच फेरीत अलीकडचे आणि पलीकडचे बसलेले असताना डिझेलचा हिशेब माणशी वेगळा करायचा आणि पलीकडच्यांचा भाग आमच्या वर्गणीतून भरायचा, हे काम दर महिन्याला मी करते आणि दर महिन्याला मला ते पटत नाही.

मात्र हद्दीचा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. कॅलिफोर्नियात बेरिल बक नावाच्या बाई १९७५ मध्ये वारल्या. आपली संपत्ती मरिन काउंटीतल्या गरजूंसाठी आणि तिथल्याच धर्मादाय कामांसाठी वापरावी असं त्यांनी लिहून ठेवलं होतं आणि ती सॅन फ्रान्सिस्को फाउंडेशनच्या हाती सोपवली होती. संपत्ती म्हणजे बेलरिज या तेल कंपनीचे शेअर. १९७९ मध्ये शेल कंपनीनं ती तेल कंपनी विकत घेतली आणि साधारण एक कोटी डॉलरांच्या आतबाहेरचा हा निधी पंचवीस कोटींच्या वर गेला. मरिन हा आधीच सधन भाग. एवढा पैसा तिथेच का खर्च करायचा, आजूबाजूच्या गरिबांना का नाही, म्हणून फाउंडेशननं १९८४ मध्ये न्यायालयात अर्ज केला. १९८६ मध्ये निकाल विरुद्ध गेला. बाईंचा शब्द कायम राहिला आणि त्या पैशासाठी मरिन कम्युनिटी फाउंडेशन वेगळं झालं.

यावर मी बराच विचार केला आहे. मरताना माणसानं विश्वासानं लिहून ठेवलेला शब्द मागाहून कोणाच्या सोयीनं फिरवू नये, असंच मला वाटतं, नाहीतर कोणी लिहून ठेवणारच नाही. पण आज जे नवा निधी उभारत आहेत त्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे : हद्द लिहिताना ती कामाभोवती आखा. ‘या केंद्रावर येणारे रुग्ण’ असं लिहिलं तर रस्त्यापलीकडचा माणूस आपोआप आत येतो. गॉफला हीच काळजी होती. वर्षानुवर्षांपूर्वी कोणीतरी ठरवलेल्या हेतूची गरजच उरत नाही आणि पैसा तिथेच अडकून पडतो, हे त्यानं बँकेत पाहिलं होतं. म्हणून हेतू कालबाह्य झाला तर तो बदलण्याचा अधिकार त्यानं समितीला दिला. आमचंच उदाहरण घ्या. पेरिटोनियल डायलिसिस, म्हणजे पिशवीतला द्रव नळीनं पोटात सोडून रक्त शुद्ध करायची पद्धत, घरी करता येतं. उद्या आमच्यातल्या निम्म्या रुग्णांना ते सोयीचं झालं तर व्हॅनपेक्षा त्यांच्या घरी जाऊन जागेची स्वच्छता आणि पिशव्या बदलण्याची पद्धत तपासणारी परिचारिका जास्त लागेल. निधी तेव्हा वळला पाहिजे. आमच्या करारात तसं कलम आहे, आणि ते मी मागून घेतलं आहे.

देणगीदारांसाठीही दोन शब्द, कारण यात तुम्हीही ग्राहकच आहात. कॅनडातलं विनिपेग फाउंडेशन १९२१ मध्ये विल्यम ॲलोवे या बँकरच्या एक लाख डॉलरांवर सुरू झालं. १९२४ मध्ये तिथे एक पाकीट आलं, त्यात पाच-पाच डॉलरांची तीन सोन्याची नाणी होती, देणाऱ्या बाईंचं नाव नव्हतं. फाउंडेशन आजही त्या पंधरा डॉलरांचा मान पहिल्या देणगीच्या बरोबरीनं ठेवतं. लहान रक्कम चालते का, हा प्रश्न म्हणूनच मनात आणू नका. प्रश्न विचारायचा तो वेगळाच : तुमच्याकडच्या निधीतून दरवर्षी प्रत्यक्ष किती बाहेर जातो? देणगीदारानं वेळोवेळी सुचवायचं आणि त्याप्रमाणे संस्थेनं वाटायचं, अशी खाती न्यूयॉर्क कम्युनिटी ट्रस्टनं १९३१ मध्ये सुरू केली. सोय चांगली आहे. पण अमेरिकेत खाजगी फाउंडेशनला दरवर्षी साधारण पाच टक्के वाटावे लागतात, तसं बंधन कायद्यानं या खात्यांवर नाही. करसवलत आज मिळते, पैसा मात्र वर्षानुवर्षं गुंतवणुकीतच राहू शकतो. आमच्या चालकाला पगार दर महिन्याला लागतो. तेव्हा खातं उघडताना ‘दरवर्षी इतका हिस्सा गेलाच पाहिजे’ असं स्वतःहून लिहून द्या.

अर्ज करणाऱ्यांनी ही सेवा घ्यावी का? जरूर घ्यावी, पण एका अपेक्षेनं जाऊ नये : हा पैसा सरकारी व्यवस्थेची जागा भरून काढेल, अशा. आमचं फाउंडेशन आमची एक व्हॅन चालवू शकतं. प्रत्येक रुग्णाला जवळ उपचार केंद्र मिळावं हे त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे, आणि ते मागत राहायला हवं ते सरकारकडेच.

ज्यांच्याकडे लेखापरीक्षण झालेले जुने ताळेबंद नाहीत त्यांनी थेट मोठ्या अनुदानाला हात घालू नये. बहुतेक ठिकाणी लहान, लवकर निकाल लागणारी अनुदानं असतात, तिथून सुरुवात करा. व्हाउचर पहिल्या दिवसापासून क्रमानं लावा. अंदाजपत्रकात पगार आणि दुरुस्ती लपवून ‘इतर’मध्ये टाकू नका, स्वतंत्र ओळीत लिहा, कारण लपवलेला खर्च पुढच्या वर्षी मागता येत नाही. आणि प्रस्ताव पाठवायच्या आधी त्यांना एकदा फोन करून ‘येऊन बघाल का?’ असं विचारा. आमच्या बाई आता दर वर्षी व्हॅनमधून फिरतात. एकाच वर्षाच्या मंजुरीऐवजी तीन वर्षांची द्या, म्हणजे चालकाला दर मार्चमध्ये नोकरीची काळजी राहणार नाही, ही माझी मागणी त्यांच्या समितीपुढे आहे. निर्णय अजून यायचा आहे.