फुप्फुसाचा कॅन्सर: केमो आणि शेक (रेडिएशन) एकत्र घ्यायचे की आधी केमो, मग शेक?

स्टेज तीन, ऑपरेशन होणार नाही, केमो-रेडिएशन करू असं डॉक्टर म्हणले की घरात पहिला प्रश्न हाच, दोन्ही एकदम झेपंल का? पेशंट धडधाकट असेल, स्वतःचं स्वतः हिंडत-फिरत असेल, वजन फार उतरलं नसेल तर एकत्रच घ्या असं माझं स्पष्ट मत.

एकत्र म्हणजे सोमवार ते शुक्रवार रोज शेक, ६ आठवडे, साधारण ३० वेळा मिळून ६० ग्रे (ग्रे म्हणजे शेकाचा डोस मोजायचं माप), आणि त्याच दिवसांत केमो पण चालू, कारण केमोनं गाठीच्या पेशींवर शेकाचा मारा जास्त लागू पडतो. २०१० साली आधीच्या ट्रायल्सचे आकडे एकत्र मांडले तेव्हा ५ वर्षांनी हयात असलेले एकत्रवाल्यांत सुमारे १५ टक्के निघाले, एकामागून एकवाल्यांत सुमारे ११. फरक थोडा दिसतो पण आपल्या माणसासाठी मी तो सोडणार नाही. आता तर एकत्र ट्रीटमेंटनंतर आजार वाढला नाही तर वर्षभर डुर्वालुमॅब ही इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारं औषध) देतात, त्यानं निकाल अजून सुधारलेत, फक्त औषध लई महाग.

त्रास मात्र खरा आहे. अन्ननलिका सोलून निघते, जोराचा त्रास एकत्रमध्ये १८ टक्के लोकांना झाला, एकामागून एकमध्ये ४. कडक भाकरी आन् शेंगाचटणी बंदच, आंबील, मऊ भात, ताक यावर दिवस काढायची तयारी ठेवा, गिळायला लागलं की लगेच सांगा, कारण खाणं तुटलं की शेक मधेच थांबतो आणि खंड पडला की गाठीला परत वाढायला वाव मिळतो.

वय झालंय, दम लागतो, किडनी कमजोर आहे किंवा गाठ एवढी मोठी की निम्मं फुप्फुस शेकात येतंय, तर आधी केमो मग शेक हेच बरं, त्यात कमीपणा काही नाही. अक्कलकोट-मंगळवेढ्याहून एप्रिल-मेच्या उन्हात रोज येणंजाणं करणार असाल तर सोलापुरात नाहीतर बार्शीत, जिथं शेक चालू असेल तिथंच खोली बघा, सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध चालू असताना अंगातलं पाणी कमी झालं तर किडनीवर येतं. महात्मा फुले योजनेत काय काय बसतंय ते पहिल्याच दिवशी विचारा.

हे सगळं नॉन-स्मॉल सेलचं, म्हणजे फुप्फुसाच्या कॅन्सरचा जो प्रकार जास्त आढळतो त्याचं. दुसरा प्रकार स्मॉल सेल. स्मॉल सेल असून छातीतच एका भागात असेल तर एकत्र, तेही पहिल्या-दुसऱ्या केमोबरोबरच. आणि कुठलंही घ्या, १००.४ च्या वर ताप गेला तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच दवाखाना गाठा.